अक्कानं मागवलेला फॉर्म

दुष्काळाच्या त्या वर्षी मावशीनं आपल्या लेकीला, अक्काला, आमच्याकडं उदगीरला आणून सोडलं. भोकरजवळच्या त्यांच्या गावात विहिरींनी तळ गाठला होता. मावशी आणि काका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, आणि तिथं वाढत्या पोरीला दिवसभर कुठं ठेवायचं, शाळेचं काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. मावशी एसटीनं आली, माझ्या आईच्या, अव्वाच्या, हातचा चहा प्याली आणि दुपारच्याच गाडीनं एकटी परत गेली. अक्का दारात उभी. हातात एक कापडी पिशवी. ती माझ्याहून वर्षानं मोठी, पण गावाकडं एक वर्ष बुडालेलं, म्हणून ती माझ्याच वर्गात बसणार होती. मला वाटलं, दोन-चार महिन्यांची पाहुणी. ती पाच वर्षं राहिली.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, पुस्तकांचं दुकान होतं. त्यांचे सगळे भाऊ धान्याच्या आडतीत, हे एकटेच कागदाच्या नादी लागलेले. धंदा खरा जून-जुलैचा: शाळेची पुस्तकं, वह्या, पाट्या. पण मागच्या भिंतीला तीन फळ्या होत्या आणि आप्पांचा जीव त्या फळ्यांवर. वरच्या फळीवर कादंबऱ्या, मधल्या फळीवर मुलांच्या गोष्टी, खालच्या फळीवर उरलंसुरलं. मास्तर, आडतीवरचे मुनीम, गल्लीतल्या दोन-चार बायका महिनेवारीवर पुस्तकं वाचायला न्यायच्या.

मी त्या दुकानात रांगत वाढले, तरी मला वाचनाची गोडी नव्हती. पुस्तकं होती, जशी दुसऱ्यांच्या घरी ज्वारीची पोती असतात. अक्काला मात्र वेडच लागलं. पहिल्या महिन्यातच तिनं मधली फळी संपवली आणि वरच्या फळीला हात घातला. आप्पांना ते दिसलं. नवीन पुस्तकांचं पार्सल आलं की ते सुतळी सोडायचे, पुस्तकं मांडीवर घेऊन वास घ्यायचे, आणि हाक मारायचे, "अक्का, ये गं. बघ काय आलंय."

हाक तिला. मी समोर बसून पाटीवर फडकं मारत असले तरी हाक तिलाच.

एकदा मी मुद्दाम पुढं होऊन वरचं पुस्तक उचललं. आप्पा म्हणाले, "तू ठेव ते. तू पानं दुमडतीस. आधी तिला वाचू दे, मग विकायला ठेवतो." मी ठेवलं. कोपऱ्यात जाऊन त्याच पार्सलातल्या दुसऱ्या पुस्तकाची सात-आठ पानं मधोमध दुमडली आणि ते गठ्ठ्याच्या तळाला घातलं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. आपल्या पोटात जे दुखतं त्याला काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं, पण ते दुखलं की काय करायचं हे मात्र कळत होतं.

पाण्याची रांग हे आणखी एक दुखणं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून सकाळपासून घागरी मांडायच्या आणि त्यांच्याजवळ बसायचं. बायकांची भांडणं व्हायची. एका सकाळी भांडण फारच पेटलं, तेव्हा अक्कानं आपली घागर पालथी घातली, तिच्यावर बसली आणि रडणाऱ्या लेकरांना गोष्ट सांगायला लागली. कुठली म्हणून विचाराल तर तिनं वाचलेल्या चार गोष्टी मोडून तिथल्या तिथं केलेली पाचवी. त्यात एक तहानलेली म्हैस होती आणि ती टँकरवाल्याला शोधत हैदराबादला निघाली होती. आधी लेकरं गप्प झाली, मग बाया.

दुसऱ्या दिवसापासून बायका अक्काची घागर स्वतःच पुढं सरकवायच्या. "हाव, हाव, तिची राहू द्या म्होरं. तू सांग गं, म्हशीचं काय झालं?" माझी घागर मागंच. आमच्या एकाच घरच्या दोन घागरी. अक्काची भरायची, माझी कधी भरायची, कधी नाही. अव्वा मला म्हणायची, "तिची भरती, मग तुझी कामून भरत न्हाई?" अक्का आपल्या घागरीतलं अर्धं पाणी माझ्या घागरीत ओतायला निघायची, तेव्हा तर मला तिचा जास्तच राग यायचा.

पुढं पाऊस झाला. मावशी-काका गावात परत रुळले. पण अक्काची शाळा चांगली चालली होती, आप्पांनी तिला ठेवून घेतलं. दुकानात बाजारच्या दिवशी गल्ल्यामागं आप्पा आणि पुस्तकांपाशी अक्का. गिऱ्हाईक विचारायचं, "घरी वाचायला काहीतरी द्या," आणि ती दोन प्रश्न विचारून नेमकं पुस्तक काढून द्यायची. मी झाडून काढायचे, पार्सलाच्या सुतळ्यांचे गुंडे करायचे.

आम्ही दहावीला होतो त्या वर्षी एका पार्सलात एक वेगळंच पुस्तक आलं. मुखपृष्ठावर पांढरी टोपी घातलेली मुलगी, हातात ट्रे. चित्र बघून आप्पांनी ते मुलांच्या गोष्टींत लावलं. नंतर अक्कानं उघडलं तर ती गोष्ट नव्हतीच. परिचारिका कसं व्हावं, शिक्षण किती लागतं, प्रशिक्षण कुठं मिळतं, तिथं राहायची सोय कशी असते, दिवसभरात काय काय करावं लागतं, अशी सगळी माहिती. आप्पा म्हणाले, "चुकून आलं वाटतं. राहू दे तिथंच, गोष्टींच्या शेजारी." आणि ते तिथंच राहिलं, राजपुत्र आणि बोलणारे पोपट यांच्या मधोमध.

अक्कानं ते दहा वेळा तरी वाचलं असेल. जेवताना मला सांगायची, "पहाटं उठून बिछाने कसे करायचे हे लिहिलंय त्यात. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडायचा." अव्वाच्या पलंगावर तिनं तो कोपरा करून दाखवला. आप्पा बघत होते. म्हणाले, "पोरी, तू हेच कर. तुझ्या बोलण्यानंच अर्धा पेशंट बरा होईल."

आप्पांनी माझ्याबद्दल असलं काही कधी म्हटलं नव्हतं. मी काय करावं हा प्रश्नच घरात कधी निघाला नव्हता. माझं लग्न होणार हे ठरलेलं होतं, जसं अक्काचं काहीतरी चांगलं होणार हे ठरलेलं होतं.

निकाल लागला. तिला माझ्याहून बरेच जास्त मार्क. पुस्तकाच्या शेवटी पत्ते होते. अक्कानं नांदेडच्या प्रशिक्षण केंद्राला सुंदर अक्षरात पत्र लिहिलं आणि फॉर्म मागवला. पत्ता आमच्या दुकानाचा.

फॉर्म आला तेव्हा दुपार होती. आप्पा जेवायला घरी गेले होते, अक्का अव्वाबरोबर दळण आणायला. पोस्टमननं पाकीट माझ्या हातात दिलं. पाकिटावर अक्काचं नाव. आत फॉर्म, कोरा. नावाची ओळ रिकामी होती.

ती रिकामी ओळ बघून मी काय विचार केला, हे मला आज नीट सांगता येत नाही. मला परिचारिका व्हायचं होतं का? नव्हतं. मला रक्त बघवत नव्हतं. मला फक्त एवढं हवं होतं की आप्पांनी एकदा माझ्याकडं तसं बघावं. मी त्या ओळीवर माझं नाव लिहिलं आणि पाकीट घरी नेऊन चुलीत घातलं. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडं जाते म्हणून निघाले आणि स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओत जाऊन फोटो काढला. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणला. चांगल्या वर्तणुकीचा! मग फॉर्म आप्पांपुढं सहीला ठेवला.

"तू?" आप्पा म्हणाले. चष्मा वर केला. "तू कधी लिहिलं होतंस?"

"मीपण लिहिलं होतं पत्र. अक्कानं लिहिलं तेव्हाच."

"आणि अक्काचा?"

"तिचा आला न्हाई अजून."

"येईल," आप्पा म्हणाले आणि सही केली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला वाटलं नव्हतं बघ. बरं वाटलं." तो हात मी कितीतरी दिवस जपून ठेवला होता.

अक्का वाट बघत राहिली. पोस्टमन दिसला की दुकानाच्या पायरीवर यायची. तिनं दुसरं पत्र लिहिलं. आप्पा म्हणाले, "मी स्वतः नांदेडला गेलो असतो गं, पण हा जूनचा धंदा, दुकान सोडून कसा जाऊ?" दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं ते मुदत संपल्यावर, एका ओळीचं: या वर्षीचे फॉर्म संपले, पुढील वर्षी अर्ज करावा. ते कार्ड अक्कानं चार वेळा वाचलं आणि मला म्हणाली, "जाऊ दे. तू तरी चाललीस ना." मग तिनं माझी ट्रंक भरायला घेतली. मधल्या फळीवरचं ते पुस्तक आणून कपड्यांवर ठेवलं. "हे तू ने. तुला लागंल."

मी नेलं. नांदेडला हॉस्टेलच्या खोलीत ते तीन वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडून होतं. उघडलं नाही.

पुढच्या वर्षी अर्ज करायच्या आधीच अक्काचं लग्न झालं. मुलगा सरकारी कचेरीत कारकून, माणूस सज्जन. ती एका गावात बालवाडी चालवायला लागली. मी शिकले, रक्ताची सवय झाली, हाताला काम लागलं, आणि मला सांगायला हवं की मी काम चांगलं करत होते. शीर पटकन सापडायची मला. पण त्याचं कौतुक झालं की माझ्या मनात पहिला विचार यायचा तो हा, की हे तिनं केलं असतं तर कसं केलं असतं.

माझी पहिली नेमणूक भोकरला झाली. एक दिवस मावशी खोकल्याचं औषध न्यायला दवाखान्यात आली. तिला मी दिसले आणि ती बाकावरच्या सगळ्या बायांना सांगत सुटली, "ही माझ्या बहिणीची लेक हाय. सिस्टर हाय. लई हुशार." मग माझा पांढरा पदर हातात धरून हळूच म्हणाली, "आमच्या पोरीलाबी व्हायचं होतं. पण तिच्या नशिबात कागद आला न्हाई." मी औषधाची बाटली भरत होते. बाटली भरून वाहिली.

मग लातूर जिल्हा झाला. आमचं उदगीर तोवर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, ते लातूरकडं आलं. काही महिने सगळा गोंधळ. जुन्या छापील कागदांवर उस्मानाबाद खोडून वर निळ्या शाईनं लातूरचा शिक्का मारायचे. नव्या कचेऱ्यांना कारकून हवे होते, दवाखान्यात सिस्टर हव्या होत्या. अक्काच्या नवऱ्याची बदली लातूरला झाली. मीही बदली मागून घेतली होती, कारण आप्पांची तब्येत बरी नसायची आणि लातूरहून उदगीर जवळ. अशा रीतीनं आम्ही दोघी पुन्हा एका गावात आलो.

मला लहान मुलांचा वॉर्ड मिळाला. शेजारणीचं लेकरू तिथं भरती होतं म्हणून एक दिवस अक्का बघायला आली. त्याला इंजेक्शन द्यायचं होतं, ते किंचाळत होतं. अक्का कॉटवर टेकली आणि म्हणाली, "अरे, ती हैदराबादला गेलेली म्हैस माहीत आहे का तुला?" लेकरू किंचाळायचं थांबलं. मी इंजेक्शन दिलं. त्याला कळलंसुद्धा नाही. आमच्या मोठ्या सिस्टर दारातून बघत होत्या. त्या मला म्हणाल्या, "या बाईंना दर शनिवारी येता येईल का? विचारा ना, तुमच्याच आहेत ना त्या?"

आली ती दर शनिवारी. मी आठवडाभर त्या मुलांची अंगं पुसायचे, ताप बघायचे, ओकाऱ्या धुवून काढायचे. आणि पोरं मला विचारायची, "गोष्टीवाली मावशी कधी येणार?" मी म्हणायचे, "येईल." आप्पांनी मला 'येईल' म्हटलं होतं ना, तसंच.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं तिच्या गोष्टी टाइप केल्या आणि लग्नपत्रिका अन् डाळ मिलच्या पावत्या छापणाऱ्या एका प्रेसनं त्यांचं छोटं पुस्तक छापलं. दोनरंगी मुखपृष्ठ, वर म्हैस. मी आधी सगळं पुस्तक चाळून माझ्यासारखं कुणी आहे का ते बघितलं. नव्हतं. एकही सिस्टर नाही, एकही बहीण नाही. याचंही मला वाईट वाटलं.

त्या आठवड्यात मी उदगीरला गेले. आप्पांनी दुकानाच्या दर्शनी भागात, वह्यांच्याही पुढं, अक्काचं पुस्तक मांडलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमच्या पोरीचं पुस्तक. वाचा." मी पांढऱ्या साडीत तिथंच उभी होते. म्हातारे झाले होते ते, हात थरथरत होते, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला रडू यायला लागलं. बाहेर जाऊन मी एसटी स्टँडपर्यंत चालत गेले. लातूरची गाडी धरली आणि घरी न जाता थेट अक्काच्या खोलीवर.

ती तूर निवडत बसली होती. मला वाटतं, मी तिला दुखवायला गेले होते. पश्चात्ताप नंतर आला. मी म्हणाले, "अक्का, तो फॉर्म आला होता. तुझा. मी घेतला."

तिचा हात सुपात थांबला. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "फॉर्मला फोटो लागत होता ना?"

"हो."

"मग फोटो कधी काढलास?"

"दुसऱ्या दिवशी. स्टेशनजवळ."

"आणि दाखला?"

"तिसऱ्या दिवशी."

"म्हणजे तीन दिवस," अक्का म्हणाली. "घाईगडबडीत झालं म्हणावं तर तसंबी न्हाई. तीन दिवस माझ्या शेजारी जेवलीस, झोपलीस." मग तिनं सूप उचललं, आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी थोडा वेळ थांबले. ती आली नाही.

शनिवारी ती वॉर्डात आली नाही. पुढच्या शनिवारीही नाही. असे तीन महिने ती एकदाही आली नाही. पाय प्लास्टरमध्ये असलेली एक चाकूरकडची मुलगी होती, तिनं तर माझं डोकंच खाल्लं. शेवटी मी अक्काचं पुस्तक आणलं आणि स्टुलावर बसून वाचायला लागले. एक पान झालं नसेल, ती मुलगी म्हणाली, "सिस्टर, तुम्ही ताप सांगून राहिल्या का गोष्ट?" बाकीची पोरं हसली. मीही हसले असते, पण जमलं नाही.

त्या संध्याकाळी मी अक्काकडं गेले. दारातूनच सांगितलं, "माफी मागायला आले न्हाई. ती तू देणार न्हाईस, मला माहीत आहे. पण पोरं विचारतात." तिनं मला आत बोलावलं नाही. शनिवारी मात्र ती आली. माझ्याकडं न बघता सरळ त्या प्लास्टरवाल्या मुलीपाशी गेली. पुढं किती वर्षं आम्ही कामापुरतंच बोललो. आप्पा गेले तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामापुरतं. मी आप्पांना कधीच सांगितलं नाही. तिनंही सांगितलं नाही, आणि ते न सांगणंही तिचंच मोठेपण ठरलं, माझ्या वाट्याला तेही आलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी एक पुस्तिका लिहिली. खेड्यापाड्यांतल्या मुली मला येऊन विचारायच्या, सिस्टर कसं व्हायचं, काय शिकायचं, म्हणून सगळं एकदा कागदावर उतरवलं. मजकूर तपासायला दुसरं कुणी नव्हतं. अक्काकडं नेला. आठवड्यानं तिनं लाल शाईनं भरलेली पानं परत दिली. माझी निम्मी वाक्यं तिनं सरळ केली होती. 'अर्ज स्वतः जाऊन आणावा, पोस्टावर विसंबून राहू नये' या माझ्या वाक्याला काही दुरुस्ती नव्हती. फक्त समासात लिहिलं होतं: हे ठळक छापा. मी मान वर केली तर ती हसत होती. किती वर्षांनी.

आता लातूरच्या शाळांमध्ये पुस्तकांची टेबलं मांडतात, तिथं आमची पुस्तकं शेजारी-शेजारी असतात. तिच्या गोष्टी, कुणाकुणाच्या कादंबऱ्या आणि माझी पुस्तिका. पोरं तिच्या पुस्तकांवर तुटून पडतात. माझी पुस्तिका एखादी आई उचलते, मागून-पुढून बघते, "दहावीवर होतं का ओ हे?" असं विचारते आणि बऱ्याचदा परत ठेवते. मागच्या खेपेला तिथून आम्ही एकाच ऑटोनं परत आलो. अक्का म्हणाली, "मी एक लांब गोष्ट लिहून राहिले. दोघी बहिणींची."

"कशी आहे?" मी विचारलं.

"छापल्यावर वाच."

त्याला आठ महिने झाले. मी रोज विचारायचं म्हणते आणि विचारत नाही. तिच्या शेजारच्या पोरीला मात्र तिनं ती गोष्ट सगळीच्या सगळी सांगून टाकली आहे. परवा ती पोरगी मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "लई भारी हाय, आजी." मला तिचा इतका हेवा वाटला की मी तिला पुढं काही विचारलंच नाही.